उत्तर एकच यावे म्हणून

२०१५ च्या जूनमध्ये मॅगीची पाकिटे देशभरातल्या दुकानांतून उचलली गेली, तेव्हा घरोघरी चर्चा झाली ती शिशाची. कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेने एका नमुन्यात १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग शिसे असल्याचे कळवले होते. मर्यादा होती २.५ पीपीएम. बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांच्या मान्यतेचा प्रश्न, हे त्यामागचे एक कळीचे कारण. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे फेरतपासणी सोपवण्यात आली. ऑक्टोबरमध्ये तिघींचे अहवाल आले आणि शिसे मर्यादेच्या आत निघाले.

नमुने वेगळे होते, उत्पादनाच्या तुकड्या वेगळ्या होत्या. त्यामुळे कोण चुकले याचा निकाल या आकड्यांवरून लावता येत नाही. पण सामान्य माणसाचा प्रश्न साधा असतो: शिसे आहे की नाही, आणि असेल तर किती? केमिस्टला मात्र त्याआधी बरेच विचारावे लागते. नमुना कोणत्या आम्लात विरघळवला? त्या आम्लातच शिसे किती होते? काचेची भांडी कशी धुतली? मसाला आणि शेवया वेगळ्या तपासल्या की एकत्र? यंत्राचे कॅलिब्रेशन कोणत्या स्टँडर्डवर केले? इतक्या बारीक प्रमाणात हवेतली धूळसुद्धा आकडा हलवू शकते.

विश्लेषणात्मक रसायनशास्त्र आणि स्पेक्ट्रोस्कोपी या विषयांच्या परिषदा बाहेरच्या माणसाला कंटाळवाण्या वाटतात. तिथे नवा कण सापडल्याची घोषणा होत नाही. ‘टोमॅटोतील कीटकनाशकाचे निर्धारण’ अशा धाटणीची शीर्षके असलेले शेकडो निबंध आणि शेजारच्या दालनात यंत्रे विकणाऱ्यांचे स्टॉल, हे नेहमीचे दृश्य. तरीही दीडशे वर्षांचा हिशेब मांडला, तर दोन प्रयोगशाळांचे उत्तर एक येण्यासाठी माणसांनी एकत्र बसण्याला पर्याय निघालेला नाही. त्या बैठकांचा हा आढावा.

सुरुवात खतांच्या भांडणातून झाली. १८८० च्या सुमारास अमेरिकेत रासायनिक खतांचा व्यापार वाढला होता. फॉस्फेटचे प्रमाण एका राज्याचा केमिस्ट एक सांगे, दुसऱ्या राज्याचा दुसरे. विकणारा आपल्या सोयीचा अहवाल दाखवी आणि शेतकरी हात चोळत बसे. सप्टेंबर १८८४ मध्ये फिलाडेल्फियात सरकारी कृषी-रसायनज्ञ जमले आणि त्यांनी ‘असोसिएशन ऑफ ऑफिशियल ॲग्रिकल्चरल केमिस्ट्स’ ही संघटना काढली. आज ती एओएसी या नावाने ओळखली जाते. कामाची रीत सरळ होती. एकच नमुना वाटून अनेक प्रयोगशाळांना द्यायचा, सर्वांनी एकाच पद्धतीने तपासायचा, मग आकडे एका टेबलावर ठेवायचे. जी पद्धत अनेकांच्या हातात टिकेल ती अधिकृत.

अशा संयुक्त चाचण्यांचे अहवाल साठत गेले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील विल्यम हॉर्विट्झ यांनी सहकाऱ्यांसह ते धुंडाळून १९८० मध्ये एक निष्कर्ष मांडला. या विषयात इतका विनोदी आणि इतका अस्वस्थ करणारा निष्कर्ष दुसरा नसावा. तपासायच्या पदार्थाचे प्रमाण शंभरपटीने घटले, की प्रयोगशाळा-प्रयोगशाळांमधला फरक साधारण दुप्पट होतो. जवळजवळ शुद्ध पदार्थ असेल तर हा फरक २ टक्क्यांच्या आसपास. एक टक्का प्रमाणाला ४ टक्के, पीपीएमच्या पातळीवर १६ टक्के आणि अब्जात एक भाग या पातळीवर ४५ टक्के. पदार्थ कोणता, यंत्र कोणते, पद्धत कोणती, याने फारसे बिघडत नाही. आलेख काढला तर तो एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला फाकलेला दिसतो, म्हणून त्याला हॉर्विट्झची तुतारी म्हणतात. पुढे काही जणांनी सूत्रात दुरुस्त्या सुचवल्या, पण क्यूसी लॅबमध्ये नव्या पद्धतीची परीक्षा घेताना आजही या तुतारीकडे पाहिले जाते. दशांशानंतर चार आकडे छापलेला अहवाल हातात आला तर ती आठवावी.

एओएसीच्या स्थापनेनंतरचा मोठा टप्पा पोलादाच्या गावात घडला, आणि तोही योगायोग नव्हता. पिट्सबर्गमध्ये पोलादाचे कारखाने होते, ॲल्युमिनियमची अल्कोआ होती, वेस्टिंगहाउस होती, मेलन इन्स्टिट्यूट होती, आणि प्रयोगशाळांना सामान पुरवणारी फिशर ही पेढीही १९०२ पासून तिथलीच. भट्टीतला रस ओतण्याआधी त्यात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती हे कळायला हवे. जुन्या ओल्या पद्धतीने, म्हणजे विरघळवून, गाळून, टायट्रेशन करून, उत्तर यायला वेळ लागे आणि भट्टी तोवर जळत राही. ठिणगी पाडून तिच्या प्रकाशाचा वर्णपट वाचणारी यंत्रे आली आणि बऱ्याच धातूंची उत्तरे मिनिटांत मिळू लागली. ज्या गावात मिनिटाला पैसे पडत होते तिथे स्पेक्ट्रोस्कोपी ही प्राध्यापकांची हौस राहिली नाही. गावात दोन मंडळे होती, एक विश्लेषक रसायनज्ञांचे आणि एक स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांचे. त्यांनी आपापली वार्षिक संमेलने एकत्र केली आणि फेब्रुवारी १९५० मध्ये विल्यम पेन हॉटेलात पहिली पिट्सबर्ग परिषद भरली. पन्नासेक निबंध आणि मोजक्या कंपन्यांची टेबले, एवढाच पसारा होता.

हीच परिषद पुढे ‘पिटकॉन’ झाली. १९६८ मध्ये पिट्सबर्गला ती मावेना, म्हणून क्लीव्हलंडला गेली. १९८० मध्ये अटलांटिक सिटी, नंतर न्यू ऑर्लिन्स, शिकागो, अटलांटा, ओरलँडो अशी ती हिंडत राहिली. नाव तेवढे पिट्सबर्गचे राहिले. १९९६ च्या शिकागोच्या अधिवेशनाला तीस हजारांवर माणसे आली होती. व्यवस्था मात्र अजूनही त्या दोन मंडळांच्या स्वयंसेवकांकडेच आहे. नफा कोणी खिशात घालत नाही, तो विज्ञानशिक्षणाकडे जातो. इतका मोठा बाजार हौशी कार्यकर्त्यांनी चालवावा, हे गणेशोत्सव मंडळे पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

बाजार हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘ही परिषद कसली, यंत्रांचे प्रदर्शन आहे’ ही टीका जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत नामवंत प्राध्यापकही असतात. मला ती अर्धवट वाटते. या शास्त्राची अर्धी बुद्धी यंत्रात असते. आर्नल्ड बेकमन यांनी आम्लता मोजणारे आपले यंत्र १९३५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत नेले. किंमत १९५ डॉलर, म्हणजे त्या काळी कित्येक प्राध्यापकांच्या महिन्याच्या पगाराइतकी. फिलाडेल्फियाच्या एका व्यापाऱ्याने अंदाज बांधला, दहा वर्षांत सहाशे खपतील. अंदाज फारच तोकडा ठरला. ग्राहक, विक्रेता आणि शोध लावणारा एका छपराखाली आले, म्हणून पीएच मीटर प्रत्येक लॅबच्या ओट्यावर पोचला. ऑक्सफर्डला सप्टेंबर १९५२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी लोकांसमोर ठेवली आणि तीन वर्षांत तिचे व्यापारी यंत्र बाजारात आले. हा वेग नुसत्या जर्नलमधून येत नाही.

अर्थात परिषदेत मांडले म्हणजे लगेच पटले असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांना १९५२ मध्ये एका रविवारी सकाळी घरामागच्या भाजीच्या वाफ्यात काम करताना सुचले की धातूच्या वाफेतून निघणारा प्रकाश मोजण्याऐवजी ती वाफ किती प्रकाश शोषते हे मोजावे. दोन वर्षांनी मेलबर्नच्या एका प्रदर्शनात त्यांनी चालते यंत्र मांडले. लोक आले, पाहिले आणि पुढे गेले. १९५५ मध्ये निबंध छापला तरी मोठ्या कंपन्या थंडच. अणुशोषण स्पेक्ट्रोमीटर, ज्याला लॅबमध्ये नुसते ‘एएएस’ म्हणतात, सर्वत्र दिसू लागायला साठचे दशक उजाडावे लागले. अन्नातले शिसे मोजायला आजही अनेक ठिकाणी हेच यंत्र वापरतात.

याच्या उलट गोष्ट कोइची तानाका यांची, आणि ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतला हा इंजिनिअर, पदवी विद्युत अभियांत्रिकीची, पीएचडी नाही. मोठे रेणू न मोडता त्यांचे वजन कसे करायचे या प्रश्नावर कंपनीतला छोटा गट काम करत होता. रेणूवर लेसर मारला की तो फुटतो. म्हणून ऊर्जा झेलायला त्याच्याबरोबर काहीतरी मिसळावे लागे. १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म पुडीत तानाकांनी ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतले. पुडी महाग, टाकून देणे जिवावर आले, म्हणून तेच मिश्रण यंत्रात घातले आणि आजवर न दिसलेले पीक दिसले. सप्टेंबर १९८७ मध्ये ओसाकाजवळच्या ताकाराझुका इथे जपान-चीन संयुक्त वस्तुमान-वर्णपट परिसंवाद भरला. तिथे या गटाने प्रथिनांसारख्या प्रचंड रेणूंचे वर्णपट दाखवले. श्रोत्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट कॉटर होते. ती बातमी त्यांनी पाश्चात्त्य प्रयोगशाळांत पोचवली. ओसाका विद्यापीठाच्या मात्सुओ यांनी इंग्रजीत लिहा म्हणून पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९८८ चा निबंध आला. कंपनीने या तत्त्वावर बनवलेले यंत्र मात्र एकच विकले गेले. २००२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तानाकांना जॉन फेन आणि कुर्ट व्यूट्रिख यांच्याबरोबर वाटा मिळाला.

जर्मनीतल्या हिलेनकांप आणि करास यांना वगळले, ही कुजबुज तेव्हाही होती आणि आजही आहे. त्यात तथ्य आहे, कारण दवाखान्यातल्या जंतुपरीक्षेत आज जी पद्धत रुळली आहे ती त्यांची, तानाकांची नव्हे. पण एका आडबाजूच्या छोट्या परिसंवादात योग्य माणूस योग्य खुर्चीवर बसला नसता, तर जपानी भाषेतले ते काम किती वर्षे कपाटात राहिले असते कोण जाणे.

ताकाराझुका लहान होते, पिटकॉन अवाढव्य, आणि गेल्या पंचवीस वर्षांत वजन लहानांकडे झुकले आहे. वस्तुमान-वर्णपटवाल्यांची अमेरिकन परिषद वेगळी, द्रव क्रोमॅटोग्राफीवाल्यांची १९७३ पासूनची मालिका वेगळी, प्लाझ्मावाल्यांची हिवाळी परिषद वेगळी, रामन स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांची वेगळी. म्युनिकमध्ये १९६८ पासून भरणारे ‘ॲनालिटिका’ आपला आब राखून आहे. पिटकॉनची हजेरी मात्र नव्वदच्या दशकाच्या मानाने अंशभर उरली आहे. कारणे उघड आहेत. कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, म्हणजे स्टॉल घटले. उरलेल्यांना कळले की ग्राहकाला स्वतःच्याच हॉटेलात, स्वतःच्याच ‘युजर मीट’ला बोलावणे स्वस्त पडते आणि तिथे प्रतिस्पर्धी नसतो. नव्या यंत्राची माहिती वेबिनारवर मिळते. कोविडमध्ये २०२१ चे अधिवेशन पडद्यावरच उरकले.

खरेदीसाठी वेबिनार पुरतो, हे मान्य. पण विक्रेत्याच्या मेळाव्यात ‘तुमच्या यंत्राचा आकडा शेजारच्या यंत्राशी जुळत नाही’ हे कोण बोलणार? तिथे चहाही कंपनीचा आणि माइकही कंपनीचा.

असे बोलणे किती महत्त्वाचे असते ते रॅनिटिडिनने दाखवले. ॲसिडिटीवरची ही गोळी आपल्याकडे घरोघरी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेने सांगितले की हिच्यात एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक गोळीमागे वीस लाख नॅनोग्रॅमहून जास्त आहे. तिथले औषध प्रशासन दिवसाला ९६ नॅनोग्रॅम मान्य करते. हाहाकार झाला. मग लक्षात आले की तपासणीच्या पद्धतीत नमुना १३० अंशांपर्यंत तापवला जात होता आणि त्या तापमानाला रॅनिटिडिन स्वतःच फुटून एनडीएमए तयार करते. औषध प्रशासनाने न तापवता द्रव क्रोमॅटोग्राफीने मोजले, तर आकडा हजारो पटींनी खाली आला. म्हणजे पद्धतच उत्तर घडवत होती. पण गोष्ट इथेही संपत नाही. साठवणुकीत, विशेषतः उष्ण जागी, गोळीत एनडीएमए हळूहळू वाढते हे सौम्य पद्धतीनेही दिसले आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते औषध बाजारातून काढायला सांगितले. आपल्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेले. पहिला आकडा चूक होता, इशारा मात्र बरोबर होता. हा गुंता सोडवायला दोन्ही बाजूंच्या केमिस्टांना एकमेकांचे क्रोमॅटोग्राम पाहणे भाग होते.

आता आपल्याकडे. वर्णपटशास्त्राशी महाराष्ट्राचे नाते सांगताना हटकून विजयदुर्ग काढले जाते: १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी तिथल्या ओट्यावरून हेलियम शोधला, असे. हे खरे नाही. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात गुंटूरला होते ते फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच दिवशी जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणे लावून बसले होते. मला या खऱ्या गोष्टीत जास्त रस वाटतो, कारण एकच सूर्य, वेगवेगळी यंत्रे, वेगवेगळ्या छावण्या आणि नंतर ताडून पाहिलेल्या काचा हा संयुक्त चाचणीचाच प्रकार होता. दंतकथा सोडून ती गोष्ट सांगितली तर विजयदुर्गाचे काही कमी होणार नाही.

रामन यांनीही आपला शोध सविस्तर मांडला तो बंगळूरच्या एका वैज्ञानिक मंडळापुढे, १६ मार्च १९२८ ला. आज त्यांच्या नावाचे हातात मावणारे यंत्र औषध कंपन्यांच्या गोदामात पिंपातली पारदर्शक पिशवी न उघडताच कच्चा माल ओळखते. या ओळखीची किंमत मुंबईला ठाऊक आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या सगळ्या साखळीची चिरफाड केली. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल डोळ्यांना सारखेच दिसतात, गोडही दोन्ही लागतात. गॅस क्रोमॅटोग्राफवर मात्र दोघांची पीक वेगवेगळी येतात.

गेल्या काही दशकांत आपण यंत्रे भरपूर आणली. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राच्या आश्रयाने १९७८ पासून वस्तुमान-वर्णपटवाल्यांची भारतीय संघटना आहे. नाशिकच्या केमिटोचे गॅस क्रोमॅटोग्राफ एके काळी कॉलेजांत आणि कारखान्यांत दिसत. पुढे ती कंपनी थर्मो फिशरने घेतली. म्युनिकच्या ॲनालिटिकाची भारतीय आवृत्ती मुंबई आणि हैदराबादला भरते. तारापूर, अंबरनाथ, कुरकुंभ, गोव्यातले वेर्णा, या पट्ट्यातल्या क्यूसी लॅबमध्ये एचपीएलसी रात्रपाळीतही चालू असतात. इतके क्रोमॅटोग्राम रोज काढणारे दुसरे भूभाग जगात फार नसतील.

आणि तरी आपल्या परिषदांचे चित्र कसे असते? सकाळी दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांचे लांबलेले भाषण. मग प्राध्यापकांचे निबंध, त्यातले बरेच असे की दोन औषधांची मिश्र गोळी, एक कॉलम, एक मोबाइल फेज, रिकव्हरी ९९ ते १०१ टक्के, पद्धत ‘साधी, अचूक आणि किफायतशीर’. ती दुसऱ्या कोणी करून पाहिली का, हा प्रश्न क्वचितच येतो. पोस्टरसमोर उभे असतात ते एमएस्सीचे विद्यार्थी, आणि परीक्षक फिरून गेले की तेही जेवायला जातात. उद्योगातला केमिस्ट आलाच तर प्रदर्शनात असतो, कॉलमवाल्याच्या स्टॉलवर दबक्या आवाजात विचारत असतो की पीकला शेपटी येते आहे, काय करू? त्याच्याजवळ निबंधाइतका ऐवज असतो. रिझल्ट मर्यादेबाहेर गेला, चौकशी केली, कारण शेवटी व्हायलच्या झाकणात सापडले, असले अनुभव त्याने जमवलेले असतात. पण कंपनीचे गोपनीयतेचे कलम, ऑडिटची धास्ती आणि ‘आमच्याकडे असे होत नाही’ हा व्यवस्थापनाचा बाणा यांपुढे तो व्यासपीठावर येत नाही.

गोपनीयता निमित्तापुरती आहे, असे माझे मत आहे. औषधाचे नाव न घेता, ग्राहकाचे नाव न घेता पद्धत कुठे फसते हे सांगता येते. जगभर सांगतात. २००८ मध्ये हेपॅरिनमध्ये भेसळ निघाली तेव्हा नेहमीच्या चाचण्या ती ओळखू शकल्या नव्हत्या; एनएमआरने ती पकडली आणि औषधकोशातली पद्धत काही महिन्यांत बदलली. हे घडले कारण कंपन्या, विद्यापीठे आणि नियामक यांनी आपापले वर्णपट एकमेकांना दाखवले.

म्हणून आयोजकांना आणि लॅबप्रमुखांना एक सुचवणे आहे. पुढच्या परिषदेत एक दुपार संयुक्त चाचणीसाठी राखा: दोन महिने आधी एकच नमुना वीस प्रयोगशाळांना वाटा, नावे झाकून आकडे पडद्यावर लावा आणि फरक का पडला यावर मोकळे बोलू द्या. पोस्टरच्या बक्षिसांत एक बक्षीस फसलेल्या पद्धतीच्या उत्तम चिकित्सेला ठेवा. आणि स्टॉल पाहायला खरेदी विभागाचा साहेब जाणार असेल, तर त्याच गाडीत रात्रपाळीला यंत्रावर बसणाऱ्या एखाद्या केमिस्टलाही पाठवा. नोंदणीचे शुल्क एका कॉलमच्या किमतीहून कमीच असते.